झोपड्यांवर काढलेली झाडं

पेण

प्रिय रोशनी,

परवा तू फोनवर विचारलंस, वाडीचा जुना फोटो-बिटो कुठे मिळेल का, आणि मी फटकन नाही म्हटलं. मग तू तुझी शिफ्ट, पोरीचा ताप असं काहीबाही सांगत राहिलीस आणि मी नुसतं हं हं करत होते. वाडीखालची जमीन नव्याने घेतलेला माणूस म्हणतो, तुमची घरं कालपरवाची आहेत. पुढच्या आठवड्यात प्रांतांसमोर सुनावणी आहे आणि तुमच्याकडे दाखवायला काही नाही. हे ऐकूनही मी नाहीच म्हटलं. फोनवर खरं सांगायला गेले असते तर मला रडू आलं असतं आणि तू लगेच माफ केलं असतंस. म्हणून लिहितेय.

गणपती गेले की आमचा कारखाना थंड असतो. त्या दिवसांत एका बंगलेवाल्याने जुनं तैलचित्र दुरुस्तीला आणून दिलं. नदी, मागे डोंगर, काठावर उंबर आणि चार झोपड्या. कोपऱ्यात सही आणि साल, १९३६. जागा कुठली ते त्यालाही माहीत नव्हतं. वर्षभर मूर्तींचे डोळे आखणारी मी, माझ्याकडे कुणी असं चित्र आणलं याचाच मला केवढा माज चढला! तो म्हणाला, हॉलमध्ये लावायचंय, त्या झोपड्या तेवढ्या घालव आणि झाडं काढ. मी काढली. फार छान काढली गं, तेच तर वाईट आहे.

जागा मला नंतर ओळखू आली, असं मी तुला सांगणार होते. ते खोटं आहे. चित्रावरची धूळ पुसली त्याच दिवशी मी ओळखलं. डोंगराच्या माथ्याची ती खाच आणि नदीतला तो खोलगट कातळ. नववीत मी अष्टमी गावात मामाकडे होते, तेव्हा तू मला वाडीवर न्यायचीस आणि तुझी जनीआजी त्याच कातळावर चिंबोऱ्या धूत बसलेली असायची. मी काठावर अडून राहिले की ओरडायची, "ये गो, पानी काय खात नाय तुला!" आणि हाताला धरून पलीकडे न्यायची. हे सगळं आठवत होतं आणि मी झाडं काढत होते. चित्रच तर आहे, असं वाटलं. कामाआधी एक फोटो काढून ठेवायचीही अक्कल सुचली नाही.

तुझा फोन ठेवला आणि टर्पेंटाइन घेऊन बसले. वरचा रंग अजून नीट वाळला नव्हता, तो निघाला. तीन झोपड्या खालून जशाच्या तशा आल्या. चौथीपाशी जुना रंगच सुटायला आलेला होता, तो माझ्या झाडाबरोबर फडक्यावर आला. उंबराखालची, रोशनी. तुमची.

मला ती पुन्हा काढता येईल. कुणाला कळणार नाही, सुनावणीतसुद्धा नाही. ब्रश हातात घेतलाही होता. पण मग उरलेल्या तिन्हींवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? गिऱ्हाइकाशी मी बोलले आहे, सुनावणीपर्यंत चित्र माझ्याकडेच राहील. मी तिथे येईन आणि काय केलं ते सगळ्यांसमोर सांगेन. पण हे तुला तिथे सगळ्यांमध्ये कळू नये, म्हणून आधी लिहिलं. एकदा येऊन बघून जा. वाडी वाचेलही कदाचित. तुझ्या घराच्या जागी मात्र नुसतं कापड दिसतंय.

म्हणवून घ्यायला लाज वाटते, तरी तुझीच,
दिपिका