फोनने पुसलेली घरघर

बाबा,

इथे जोहान्सबर्गला गुडघे टेकून नमस्काराची टाळी वाजवते आहे, ती सीमेपलीकडे आपल्या गावापर्यंत पोचली असं समजा. आपल्या रीतीने सांगते: तुम्ही बरे असाल तर मीही बरी.

सलूनच्या पाट्यांवर वेण्या रंगवायचं काम चालू आहे. हल्ली संगणकही अशी चित्रं काढतो, पण परवा त्याच्या बाईला तीन कान निघाले. म्हणजे माझी नोकरी सध्या शाबूत आहे.

इथे निवडणुका आल्यात. काल त्यावरच्या गप्पांत मी मधेच बोलले, तर सलूनवाली थांडेका म्हणाली, "बाई गं, तुला इथे मत नाही, मग मतं कशाला देतेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग दिवसभर वेण्याच रंगवल्या.

काळी शेळी व्यायली का?

रविवारी तुम्ही फोनवर एम्बिरा वाजवलीत. लोखंडी पट्ट्यांचे सूर अगदी स्वच्छ आले, पण तिच्यावर ठोकलेल्या बाटलीच्या झाकणांची घरघर नव्हती. त्या घरघरीशिवाय पूर्वज येत नाहीत, असं तुम्हीच म्हणता. मला वाटलं, झाकणं पडली. थांडेका म्हणाली, "अगं, फोन खरखर आपोआप पुसून टाकतो."

त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, छातीची घरघर थांबली. मलाही ती ऐकू आली नाही.

आईला तुमच्या छातीला कान लावू द्या. ऐकू येईल ते तिनेच कागदावर लिहून पाठवावं. तोवर, वर "मीही बरी" लिहिलंय ना, ते खोडलेलं समजा.

तुमची,
चेंझिरा