खवट वास

बोरिवली,
१८ मे २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. राग अजून असला तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला गेले असते तर मला रडू फुटलं असतं आणि तू फोन ठेवून दिला असतास.

आम्ही दोघं ठीक. उकाड्याने जीव नकोसा झालाय. भाऊजींचा गुडघा कसा आहे? श्रुतिका सासरी रुळली ना?

तर, आज सकाळी वाटपासाठी सुकं खोबरं काढलं. डबा गॅसच्या वरच्या फळीवर, अर्धा रिकामा. झाकण उघडलं आणि वास आला. जुन्या ऑइलपेंटसारखा, घशात उतरणारा. खवट! मी तिथेच उभी राहून पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. मग यांना हाक मारली.

"हे खवट आहे ना?"

यांनी डबा नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं. "हो जानकी. पार खवट." आणि हसता हसता यांचे डोळे भरून आले.

आता तुला सांगायलाच हवं. कोविडनंतर मला वास येत नव्हता. कशाचाच. तिखट-मीठ कळायचं, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. मी लाडू-चकल्यांच्या ऑर्डरी बंद केल्या, लोकांना कंबरदुखी सांगितली. घरात सगळं आधी हे हुंगून बघायचे, मग मी वाढायचे.

श्रुतिकाच्या सासरची माणसं आमच्याकडे चहाला आली, त्या दिवशी हे कामावर होते. चिवडा मी त्याच सकाळी केला होता गो. पण त्यातलं खोबरं नि शेंगदाणे आधीच खवटलेले, आणि दिसायला अगदी छान. विहीणबाईंनी एक घास घेऊन बशी खाली ठेवली. लिफ्टपाशी तू म्हणालीस, "माझ्या लेकीची माणसं तुला नकोशी होती, तर तसं सांगायचं होतंस."

मी खरं कारण सांगितलं नाही. नाक गेलंय हे कळून तू माझी कीव करशील, त्यापेक्षा रागावलेली बरी, असं वाटलं.

आज मी सगळं स्वयंपाकघर बाहेर काढलंय! तूप चांगलं आहे. तीळही. किटलीतलं तेल मात्र गेलंय. गॅसची धग नि आत शिरलेली हवा, दोघांनी मिळून वाट लावली. आता थोडंथोडंच आणून, घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवणार. यांनी ते खोबरं फेकायला घेतलं, मी दिलं नाही. शेजारच्या द्रौपदीवहिनींनाही डबा हुंगायला लावला. त्या म्हणाल्या, अशा वासावर एवढी खूश झालेली बाई कधी बघितली नाही.

मोगरा अजून कळत नाही. केळफुलाच्या भाजीचाही वास नाही आला. कदाचित येणारही नाही. पण तू ये, ताई. तुझ्यापुढे काही ठेवायच्या आधी आपण दोघी मिळून हुंगू.

नाकासकट तुझीच,
जानकी