पानाची हाक

४ मे, रविवार
गेलो शेवटी. बंदूक शेजारच्या भरतभाऊंची, बॅटरी नवनाथची, पान माझं. (नवनाथ, माझा नवरा. नाव इथे लिहिते, तोंडाने कधी घेत नाही.) पुण्याच्या पाव्हण्यांना भेकराचं मटण हवंय, तेव्हा त्याला सासऱ्यांची विद्या आठवली! "तुझ्या बापावानी वाजव, कल्याणे. येक डाव."

मढच्या वरच्या रानात, डबक्यापाशी, दिवस मावळताना बसलो. जांभळीचं कोवळं पान ओठांत धरून फुंकलं. पाडसाच्या रडण्यासारखा आवाज निघतो.

भेकर आलं. शिंगं नव्हती – मादी. सरळ आली, थांबत नाही की वास घेत नाही. मी बसून राहिले. भरतभाऊंनी बार काढला.

५ मे
दादांनी, माझ्या वडिलांनी, मला पान शिकवलं ते एका अटीवर. "नर आला तर त्याचं नशीब. मादी आली तर वाजवणाऱ्यानं उठून उभं ऱ्हायचं. तिला दिसलं पायजे, पिल्लू न्हाई, माणूस हाय." दादा उभे राहायचे. बंदूकवाले शिव्या घालायचे, दादा हसत घरी यायचे आणि आम्ही कालवणाऐवजी चटणी खायचो.

मला हे सगळं पाठ आहे. काल मी का उठले नाही? पाय जड झाले असंही नाही. उठायचं, एवढंच तर होतं.

६ मे
पाव्हणे जेवले, खूश होऊन गेले. भरतभाऊ वाटा न्यायला आले तेव्हा म्हणाले, "कास भरल्याली व्हती. लई दूध." हसले नाहीत, नुसतं सांगितलं. मी मसाला वाटत होते, वाटत राहिले. मग जेवले पण. चवीला बरं होतं.

८ मे
करवंदांना गेले होते. डबक्याच्या अंगाने ओरडणं ऐकू आलं. हुबेहूब माझ्या पानासारखं. उलटं म्हणायला हवं खरं तर.

काही वाटलं नाही. करवंदं निवडली.

९ मे
आज आवाज नाही.

१२ मे
पुढच्या रविवारी परत जायचंय म्हणे. मी नाही म्हणाले. का? – पानाला बहुतेक मादीच येते, लेकुरवाळी. नवनाथ म्हणाला, "मंग? बोकड कापतो तवा त्याची आय न्हाई का रडत?"

भांडी घासताना उत्तर सुचलं – बोकड कापताना त्याच्या आईला मी लेकराच्या आवाजात बोलावून घेत नाही. तोवर नवनाथ झोपला होता. उठवून भांडायचं त्राण नव्हतं.

१५ मे
दुपारी अंगणातून तोच आवाज. पाडस घरापर्यंत आलं वाटून धावले!

पायरीवर समृद्धी, ओठांत पान. सात वर्षांची माझी लेक, सुट्टीत कंटाळलेली. शेजारी नवनाथ, लई कौतुकात. "ऐकलंस? तुझ्यापरीस बारीक काढती. आयतवारी हिलाच नेतो."

"आई, खरंच येतं का गं?" तिने विचारलं.

मी तिला आजोबांची अट सांगितली. मादी आली तर उठायचं, बाळा.

"पण पप्पा म्हणले, आजाबात हलायचं न्हाई."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं मला. भीती वाटते, पोरीसाठी. तीही बसून राहील, माझ्यासारखी. मग घरी येऊन जेवेल.

१६ मे
बोलून पाहिलं. "येड लागलंय तुला," म्हणाला. पोरगी दिवसभर पान वाजवतेय.

१७ मे, शनिवार
वनखात्याच्या ऑफिसला फोन लावला. बसून बोलता येईना, उठून उभी राहिले. कोणी मारलं, विचारलं. भरतभाऊंचं नाव सांगितलं. मग नवऱ्याचं नाव घेतलं – तोंडाने, पहिल्यांदा.

"अजून कोण होतं?"

मी. पान मी वाजवलं.