पानावरून काढलेलं नाव

प्रिय धाकटे,

काल शाळेत लेखकमहाशय येऊन गेले. तोंड अजून कडू आहे.

महिनाभर माझा तिसरीचा वर्ग त्यांचं हत्तिणीचं पुस्तक वाचत होता. पुस्तकामागे हाडामांसाचं माणूस असतं हे मुलांना कळलं तर वाचनाची गोडी लागेल, म्हणून हा सगळा खटाटोप माझाच. वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला मुंगी म्हणतात. अक्षर दिसलं की तिची दातखीळ बसते. पण चित्रांवर बोट फिरवत तिने मला अख्खी गोष्ट सांगितली होती.

महाशय तासभर उशिरा आले. मुलं उन्हात बसून. मग गुच्छ, फोटो, आणि पाऊण तास स्वतःच्या पुरस्कारांची जंत्री. एकाही मुलाकडे नजर नाही. शेवटी मुंगी उठली. म्हणाली, "हत्तीण रडतेय, पण डोळ्यात पाणीच नाही. मग मला कसं कळलं?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "चित्रं होय? ती प्रकाशक कुणाकडून तरी करून घेतो. पुढचा प्रश्न." मोठ्या बाई हसल्या. मुंगी मान खाली घालून बसली.

किळस आली गं. त्या गुळगुळीत आवाजाची, त्या हसण्याची, आणि माझीसुद्धा. कारण आभार मीच मानले. "मुलांचे लाडके" म्हणाले, जीभ झडली नाही.

ती हत्तीण तू माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून काढलीस. तो डोळा अकरा वेळा खोडलास. आज मी वर्गात सगळं सांगितलं आणि फळ्यावर तुझं नाव लिहिलं. मुंगीने ते एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नव्या आवृत्तीत तुझं नाव नाही, हे मला शाळा उघडली तेव्हाच दिसलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस, आणि लेखक आले नसते. म्हणून गप्प बसले. सोबत तुझं नाव गाळलेलं ते पान पाठवतेय. प्रकाशकाशी भांड, माझ्याशीही भांड. पण गुरुवारी तिसऱ्या तासाला वर्गात ये. तुला न विचारता मुलांना शब्द देऊन बसले आहे. नाही आलीस, तर का नाही आलीस ते मुलांना मीच सांगेन, खरं कारण: मी हे तुझ्यापासून लपवलं.

तुझीच,
ताई