भरला डबा परत

साकोली
१४ सप्टेंबर २०२५

सौ. गोदावरीबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

फोन करता आला असता, पण तुमच्याकडे व्याहीबुवा स्पीकर लावतात आणि अर्धं सिहोरा ऐकतं, म्हणून कागदच बरा. आमचे धाकटे दीर सोमाजी राइस मिलच्या कामाने दर आठवड्याला तुमच्याजवळच्या तुमसरला येतात. त्यांच्या हाती चंदा, टीना आणि हा डबा पाठवते आहे.

जावईबापू आणि मेघा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी ओडिशाला गेले तेव्हा वरठीच्या क्वार्टरमधली ही जर्बिलची, म्हणजे पाळीव वाळवंटी उंदरांची, जोडी माझ्याकडे सोपवून गेले. आता दिवाळीआधी घराला रंग द्यायचा आहे. रंगाचा वास या जीवांना सोसत नाही असं मेघा म्हणते. म्हणून ती दोघं परत येईपर्यंत या पोरी तुमच्या पदरात.

अभिमानाने सांगते, आल्या तेव्हा दोघी मिळून मूठभर होत्या. आता चंदा बघा! माझ्या घरून कोणी वाळून गेलं असं साकोलीत कोणी म्हणणार नाही. मेघाने धान्याची कसली तरी मिसळ ठेवली होती, ती चंदा पायाने ढकलून देते. मग मीही नाद सोडला. सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, खोबऱ्याचा कीस आणि गुळातले तीळ तिला फार आवडतात. डब्यात त्यांचीच शिदोरी आहे, हात आखडू नका.

आणि व्याहीबुवांना सांगा, हे धानाच्या बांधीतले उंदीर नव्हेत. शेपटीला झुपका आहे तो आधी नीट बघून घ्यावा आणि काठी कोपऱ्यात ठेवावी.

आमच्यावर धरता तसाच लोभ या दोघींवर धरावा.

आपली विहीण,
रुखमिणी

सिहोरा
२३ सप्टेंबर २०२५

सौ. रुखमिणीबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

दोघी पाहुण्या सुखरूप पोचल्या. काचेची पेटी देवघराशेजारच्या खोलीत ठेवली आहे, आणि मांजराला त्या खोलीत बंदी आहे.

तुमच्या व्याह्यांची गंमत ऐका. जन्मभर या माणसाने धानाच्या धुऱ्यावरची उंदरांची बिळं बुजवली. आता दोन वेळा चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसतात. टीना रात्रंदिवस माती उकरते ते बघून म्हणाले की, हिले आपल्या बांधीत सोडलं तर हे साऱ्या गावाचं पाणी खाली करून टाकन. पण बोलतात ते कौतुकानेच. काल भाताचं तणीस स्वतः निवडून आणलं. ज्या बांधीत फवारा मारला नव्हता तिथलंच आणलं हे मला तीनदा ऐकवलं. दोघींनी ते कुरतडून त्याचं झकास घरटं केलं आहे.

एक विचारायचं होतं. चंदा वाटीतल्या सूर्यफुलाच्या तेवढ्या बिया वेचते आणि बाकी सगळं टाकून पुन्हा वाटी भरण्याची वाट बघत बसते. मी मेघाला फोन लावला. तिचं म्हणणं, आधीचं धान्य संपल्याशिवाय वाटी भरायचीच नाही. दोघींना दिवसाला एकेक लहान चमचा मिसळ पुरते, आणि बी द्यायची तर एखाददुसरी, ती लाड म्हणून हातावर. टीना नारळाच्या करवंटीच्या भोकातून सुळकन पलीकडे जाते. चंदा मात्र अर्ध्यात अडकते आणि तिथेच झोपते. तुमच्या हातचं तिला चांगलंच मानवलं आहे, विहीणबाई, जरा जास्तच मानवलं.

डबा रिकामा कसा पाठवू? घरचा चिन्नोर तांदूळ भरला आहे. शिजवताना वास शेजारी जाईल, तेव्हा दार लावून शिजवा.

माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

तुमची,
गोदावरी

साकोली
४ ऑक्टोबर २०२५

सौ. गोदावरीबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

माझ्या हातचं मानवलं असं तुम्ही लिहिलंत, वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. पत्र यांनाही वाचून दाखवलं, सोमाजी भाऊजींनाही आणि रंगाऱ्यालाही. तुमचा चिन्नोर दार लावून शिजवला, तरी शेजारीण वाटी घेऊन आलीच.

पण दिवसाला एक चमचा? अहो, तेवढ्या चमच्याने आमच्याकडे तूप वाढतात! मेघाचं काय घेऊन बसलात, ती पुस्तकात बघून जीव वाढवणारी. तुम्ही आणि मी काय पुस्तकात बघून पोरं वाढवली? खाणारं पोट आपण होऊन सांगतं.

म्हणून यावेळी मोठा डबा पाठवते. दसऱ्याच्या करंज्या आहेत, खोबऱ्याच्या वड्या आहेत, आणि खालच्या पुडीत सूर्यफूल. करंज्या तुम्हा दोघांसाठी, पण एखादी चंदाला कुस्करून द्या. सारण तिला आवडेल.

सगळ्यांवर, आणि विशेषतः आमच्या चंदावर, लोभ ठेवावा.

आपली विहीण,
रुखमिणी

सिहोरा
१३ ऑक्टोबर २०२५

सौ. रुखमिणीबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

सोमाजी भाऊजींच्या हातून तुमचा डबा परत येतो आहे. तो जड लागेल, कारण त्यात तुमचंच आहे. विहिणीच्या घरून आलेला डबा भरलेलाच परत धाडणं म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या दारातून असा डबा आजवर गेला नाही, म्हणून तुम्ही झाकण उघडण्याआधी हे पत्र वाचावं अशी विनंती आहे.

चंदा आजारी आहे. तुमची पुडी मी फडताळात वर ठेवली होती. यांना ते पटलं नाही. यांचं म्हणणं, इहिनीच्या घरचं आलं आणि ते पाहुणीच्या तोंडाले लागलं नाही, तर आपली काय इज्जत राहिली! मी शेतावर गेले होते तेव्हा यांनी अर्धी करंजी कुस्करून पेटीत टाकली आणि वरून मूठभर बिया. टीनाने हुंगून सोडलं. चंदाने सगळं फस्त केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, मागची बाजू ओली. धान्य, पाणी कशालाच तोंड लावत नव्हती. टीना तिला चाटत होती.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की त्यांचा हात गायी-म्हशींवर बसलेला. पण माणूस भला. त्यांनी नागपूरला लहान प्राण्यांचे डॉक्टर असलेल्या मित्राला फोन लावून दिला. त्यांनी सांगितलं तसं औषध ड्रॉपरने थेंब थेंब देतो आहोत. ते म्हणाले, तेल आणि साखर या जीवाला कधीच द्यायची नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, कच्च्या शेंगांचे दाणे यांचं तर नावच नको. तेलबियांनी अंगावर चरबी चढते आणि आत दुखणं होतं. आणि एकदम सगळं बंदही करायचं नाही, हळूहळू बदलायचं.

ती वाचेल की नाही, आज लिहिताना मला ठाऊक नाही. आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत. यांना मी रागावले नाही, कारण यांनी जे केलं ते तुमच्या मानासाठी केलं. पण म्हणूनच डबा घरात ठेवणार नाही. घरात राहिला तर कोणाचा ना कोणाचा हात जाईल. तुमचा राग मी सोसेन, विहीणबाई. मेघाला तिची चंदा मेलेली दाखवणं माझ्याने सोसवणार नाही.

यानंतरही लोभ उरला, तर माझं भाग्य.

तुमची,
गोदावरी

साकोली
१७ ऑक्टोबर २०२५

सौ. गोदावरीबाई यांस,

डबा पोचला.

माझ्या हातचं कोणी परत पाठवल्याचं मला आठवत नाही. निकेश-मेघाच्या लग्नात तुमच्या पंगतीत मला साखरेचा त्रास असूनही मी चार जिलब्या खाल्ल्या. तुम्ही आग्रहाने वाढत होता आणि तुमचा वाढता हात मागे फिरू नये एवढंच माझ्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची बोलणी खाल्ली, पण तुम्हाला कळू दिलं नाही. विहिणीचा मान असा राखतात.

दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या मंडईच्या जत्रेला आम्ही येणार नाही.

चंदाचं काय ते कळवा.

रुखमिणी

सिहोरा
२८ ऑक्टोबर २०२५

सौ. रुखमिणीबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

चंदा वाचली! आधी हेच लिहिते, बाकी मागाहून.

चौथ्या दिवशी तिने ज्वारीचा दाणा दोन्ही हातांत धरून फोडला आणि हे माझ्या नावाने ओरडत अंगणभर फिरले. शेजारच्यांना वाटलं, लॉटरी लागली. आता तिचं ताट असं आहे. ज्वारी, बाजरी आणि थोडे जवाचे दाणे, मेघाने कुरिअरने पाठवलेल्या खाद्याच्या गोळ्यांत मिसळून. दिवसाआड गाजराचा नखाएवढा तुकडा किंवा काकडीची चकती, धुऊन पुसून. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा कण. पाणी रोज ताजं. आम्ही मिसळ वाटीत ठेवतच नाही, मातीवर पसरतो, म्हणजे शोधून खायला पळावं लागतं. हात धुऊन, डोळ्यांवर चष्मा चढवून यांनी चमचा भरायचा, असा नेम ठरला आहे. काल चंदा करवंटीच्या भोकातून आरपार गेली. यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू? निकेश चालायला लागला तेव्हासुद्धा मला इतका गर्व झाला नसेल.

आता जिलब्यांचं. तुमचं पत्र वाचून मला माझी लाज वाटली नाही, विहीणबाई, तुमचा राग आला. साखर असताना चार जिलब्या! त्या दिवशी तुम्हाला काही झालं असतं तर माझ्या सुनेला मी कोणतं तोंड दाखवलं असतं? डबा परत केला याबद्दल मी माफी मागणार नाही. पुन्हा आला तर पुन्हा करीन.

मंडई पुढच्या शुक्रवारी आहे. रात्री दंडारीचं नाटक आहे, सारे सोयरे येणार आहेत. तुमचा पाट मांडून ठेवते. पण एक सांगून ठेवते, माझ्या घरी तुम्हाला गोडाचा घास मिळणार नाही. ते मंजूर असेल तरच या.

वाट बघते आहे. रागावलात तरी लोभ सोडू नये.

तुमची,
गोदावरी

साकोली
११ नोव्हेंबर २०२५

सौ. गोदावरीबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. हे अजून दंडारीतल्या सोंगांच्या नकला करून दाखवत आहेत.

खरं सांगू? मी भांडायच्या तयारीने आले होते. पंगत बसली, सगळ्यांच्या पानात पुरणपोळी पडली, आणि माझ्यापुढे ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, वाटीभर बेसनाच्या पातोडीचा रस्सा. तुमच्या नणंदेने शेजारणीच्या कानात म्हटलं की, पाहा वं, इहिनीले कोरडी भाकर वाढली. ते मला ऐकू आलं. तुम्हालाही आलं, तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही हातातलं पुरणपोळीचं ताट घेऊन माझ्यासमोरून गेलात आणि थांबला नाहीत. चार गावच्या सोयऱ्यांसमोर आग्रह न करता पुढे जायला काय लागतं ते मला माहीत आहे, मला ते आजवर जमलेलं नाही.

म्हणून मी मोठ्याने सांगितलं की, बाया हो, तुमचं सगळ्यांचं एका कढईतलं हाये, माझ्या एकटीसाठी माझ्या इहिनीनं वेगळं रांधलं हाये. तुमच्या नणंदेने रस्सा मागून घेतला. अशी विहीण साकोली तालुक्यात दुसऱ्या कोणाला नाही, हे मी आता रंगाऱ्यालासुद्धा ऐकवणार आहे.

एक गोष्ट तिथे बोलले नाही, ती लिहिते. जेवणानंतर तुम्ही मला पेटीपाशी एकटं सोडलंत. मला भीती वाटत होती, विहीणबाई. चंदा माझ्याकडे यायची ती बियांसाठीच, असं मनात पक्कं बसलं होतं. खायला घातल्याशिवाय मला कोणी जवळ करील, असं मला चंदाबद्दलच काय, माणसांबद्दलही कधी वाटलं नाही. पदराला सूर्यफुलाची पुडी बांधून आणली होती. ती सोडली नाही. नुसता हात आत ठेवला, रिकामा.

चंदा बिळातून आली. बोटं हुंगली, काही नाही हे तिला कळलं. आणि तरी ती तळहातावर चढून बसली.

आपली,
रुखमिणी