पोपटावरचा आळ

नाशिक रोड,
१० ऑगस्ट १९९७

चि. पुंजारामास ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

सोबत राखी पाठवते आहे. बंगलोरच्या ऑफिसात तुला सगळे पी. आर. म्हणतात हे तूच सांगितलेस, म्हणून पाकिटावर मुद्दाम पूर्ण नाव घातले आहे. निदान तिथल्या शिपायाला तरी खरे नाव कळू दे.

मखमलाबादला नानांची तब्येत बरी आहे. दसऱ्यासाठी झेंडू लावलाय आणि रोज बांधावर उभे राहून त्याला दम देत असतात.

तू बनवलेले कॉम्प्युटरचे यंत्र आमच्या हॉस्पिटलात बसून दीड महिना झाला. पेशंट आला की आबिदा त्याचा त्रास विचारून टाइप करते. ही मालेगावची नवी नर्स, बोटे अशी चालतात की बघत राहावे. मग पडद्यावर ओळ येते, हवी तर तिची छापील चिठ्ठीही काढता येते. हिरवी आली तर पेशंट बाकावर थांबतो, पिवळी आली तर त्याला आधी घ्यायचे, लाल आली तर डॉक्टरांना घरून बोलवायचे. आम्ही त्याला पोपट म्हणतो, देवळाबाहेर ज्योतिषाचा असतो ना, चिठ्ठी काढणारा, तसा.

पण बाबा, तुझा पोपट फार भित्रा आहे. पावसाळ्यात कुणाचे पोट दुखले की त्याला साप दिसतो. चारदा लाल ओळ आली म्हणून मी डॉक्टरांना बोलावले. चारही वेळा साधे अपचन. चौथ्यांदा ते सगळ्यांसमोर म्हणाले की सिस्टर, वीस वर्षे नोकरी झाल्यावर पोट कुठले आणि साप कुठला हे तुम्हाला यंत्राने सांगावे लागते का. आबिदा शेजारीच उभी होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तेवढे त्याला जरा शहाणे कर. तब्येत सांभाळ, आणि बहिणीची आठवण राखीपुरती ठेवू नकोस.

तुझी,
प्रतिभाताई

---

बंगलोर,
२ सप्टेंबर १९९७

ती. ताईस पुंजाचा सा. न. वि. वि.

राखी पोचली. शिपाई आता मला पुंजारामसाहेब म्हणतो. समाधान झाले?

डॉक्टरांचे बोलणे वाचून मलाच अपमान झाल्यासारखे वाटले. पण पोपटाची बाजू सांगतो. मण्यार चावली तर बऱ्याचदा खूण दिसत नाही, आग होत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पोट दुखते म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. म्हणून पोटदुखी आणि जमिनीवर झोपणे एवढे जुळले की तो घाबरतो. त्यात पापण्यांची भर पडली, तर मात्र त्याचे ऐकायचेच.

इथे यावरून रोज वाद होतात. माझ्याबरोबर काम करणारी फलक म्हणते की लाल ओळ आली की डॉक्टरांच्या घरी आपोआप घंटी वाजली पाहिजे, नर्सला विचारायचे कशाला? आणि एकदा झालेली नोंद कुणालाही पुसता येता कामा नये, यंत्राला आपली साक्ष राखून ठेवण्याचा हक्क हवा. बाकीचे हसतात, यंत्राला कसला हक्क म्हणून. मी दोन्हीला नाही म्हटले. माणसाच्या डोक्यावर यंत्र बसवायचे नाही, लगाम माणसाच्याच हातात राहिला पाहिजे. माणसाचा टाइप करताना हात चुकतो, म्हणून नोंद दुरुस्त करायची सोयही ठेवली. मी फलकला म्हटले, तिथे माझी बहीण आहे.

नानांना नमस्कार. असाच जीव लावत राहा.

तुझा,
पुंजा

---

नाशिक रोड,
२० ऑक्टोबर १९९७

चि. पुंजारामास आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. तुझ्या कंपनीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी सुरगाण्याकडची कुसाबाई नावाची बाई सकाळी सातला आली. नवरा सोबत होता. दोघे द्राक्षांच्या छाटणीच्या कामाला इकडे आलेले. पोट दुखत होते. यंत्राने हिरवी ओळ दाखवली, म्हणून तिला बाकावर थांबवले. साडेनऊला डॉक्टर आले तेव्हा तिचा श्वास अडत होता. अकराला गेली. मण्यार असावी असे डॉक्टर म्हणतात.

हॉस्पिटलच्या ट्रस्टने चौकशी केली. पोपटाने काढलेली चिठ्ठी मी दिली, तिच्यात हिरवी ओळ आहे. यंत्र बंद करून कोठीत ठेवले आहे. मी जे होते ते सांगितले. तू मनाला लावून घेऊ नकोस, माणसाचे बनवलेले चुकणारच.

नानांचा झेंडू चांगला गेला.

प्रतिभाताई

---

बंगलोर,
४ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस नमस्कार.

दिवाळीत घरी आलो नाही, कारण नानांच्या तोंडाकडे बघवले नसते.

मला या कामावरून काढले आहे. दुसऱ्या तीन हॉस्पिटलांतली यंत्रेही बंद केली. जेवायच्या सुट्टीत लोक मला बघून बोलणे थांबवतात. मी दहा दिवस प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासतो आहे आणि चूक सापडत नाही. याचीच भीती वाटते. आपणच लिहिलेली वस्तू बाईला मारते आणि का मारले ते आपल्याला कळत नाही, तर असली वस्तू जगात सोडायचा मला काय अधिकार? पहिल्यांदा वाटले की घाबरणारे लोक बरोबर आहेत, असल्या यंत्रांना कुलूपच हवे.

कुसाबाईचे नाव तू लिहिलेस ते बरे केलेस. कंपनीच्या पत्रात नुसते ‘पेशंट’ होते. तिला मुले आहेत का?

ट्रस्टकडे चिठ्ठीची आणि केसपेपरची नक्कल मागितली आहे. माझ्यामुळे तुला तिथे मान खाली घालावी लागत असेल, त्याची माफी मागतो. दूर लोटू नकोस.

पुंजा

---

नाशिक रोड,
२४ नोव्हेंबर १९९७

चि. पुंजारामास आशीर्वाद.

कागद कशाला मागतोस? झाले ते झाले. तुला मुद्दाम कुणी नावे ठेवत नाही. एक ट्रस्टी मीटिंगमध्ये म्हणाले की आज पोपट आहे, उद्या राक्षस होईल, बरे झाले वेळीच कोंडला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

माफी मागू नकोस. खरेच मागू नकोस. तिला एक मुलगी आहे, असे ऐकले.

नवे काम मिळाले तर घे आणि हे विसर. पोटभर जेवत जा.

ताई

---

बंगलोर,
१५ डिसेंबर १९९७

ती. ताईस सा. नमस्कार.

ताई, चूक सापडली आणि ती माझी नाही!

केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिले आहे की दोन्ही पापण्या सकाळपासून मिटलेल्या. चिठ्ठीवरच्या नोंदीत पापण्या नाहीतच, नुसते पोट. पापण्या वगळल्या, जमिनीवर झोपल्याचेही वगळले, तर हिरवी ओळ येणारच. आणखी एक. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ छापलेली असते, तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. वेळ आहे ११.५२. बाई तर अकराला गेली होती. म्हणजे कुणीतरी मागाहून नोंद बदलून चिठ्ठी काढली. दुरुस्तीची सोय मीच ठेवली होती ना.

टाइप करायचे काम आबिदाचे. तिच्या बोटांचे तू कौतुक केले होतेस, म्हणून वाईट वाटते. घाबरली असेल. पण तिच्यामुळे यंत्रावर खुनाचा आळ आला, आणि माझ्यावरही. नाताळच्या सुट्टीनंतर ट्रस्टला सगळे कळवणार आहे. तुला आधी सांगावेसे वाटले, कारण या सगळ्यात तुलाच सगळ्यात जास्त सोसावे लागले.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तुझा,
पुंजा

---

नाशिक रोड,
२२ डिसेंबर १९९७

पुंजा,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला.

आबिदाने काही केले नाही. मी केले.

त्या सकाळी कुसाबाईच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. मी पाहिले. आबिदाने सगळे बरोबर टाइप केले, आणि ती म्हणाली की सिस्टर, लाल आलीये. मी म्हटले की त्याला रोजच लाल येते. ती पुन्हा म्हणाली की डॉक्टरांना फोन लावू का. मला त्या चौथ्या वेळची आठवण झाली, सगळ्यांसमोरची. मी म्हटले, बाई रात्रभर झोपली नसेल, डोळे जड असणारच, थांबू दे बाकावर.

कुसाबाई गेल्यावर मी आबिदाला वॉर्डात पाठवले आणि काउंटरवर बसले. पापण्या पुसल्या, जमीन पुसली, पोट ठेवले. पुंजा, मी त्या यंत्राला खोटे सांगितले आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. लगेच हिरवी ओळ दिली. तुलाही मी तेच खोटे खरे मानायला लावले.

चौकशीत आबिदाला विचारले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. ती म्हणाली, आठवत नाही. त्यानंतर ती माझ्या शेजारी बसून डबा खात नाही.

सगळ्यात लाजेची गोष्ट सांगते. आळ यंत्रावर होता तोवर मला झोप येत होती. मनाला समजावत होते की त्याला कुठे घरदार आहे, त्याला कुठे लाज आहे. त्याच्यामागे तू आहेस हे कळत असूनही झोप येत होती. तुझे पत्र आले, आबिदाचे नाव वाचले, आणि कळले की आता दुसऱ्या लेकीचा बळी जाणार. मग उठले.

आज सकाळी ट्रस्टला लिहून दिले. आबिदासमोर वाचून दाखवले. ती रडली, मला रडू आले नाही. नानांना उद्या सांगेन.

उत्तर नाही आले तरी चालेल.

प्रतिभा

---

बंगलोर,
१९ जानेवारी १९९८

ताई,

तीन पत्रे लिहून फाडली. त्यांत जे होते ते तू वाचू नयेस.

तुझी नोकरी गेल्याचे नानांनी कळवले. आबिदाला तुझ्या जागी तात्पुरते नेमले आहे हेही कळवले. कंपनीने मला परत बोलावले. मला आनंद व्हायला हवा होता.

फलकने एक शब्द विचारला नाही, हे तिचे मोठेपण. मीच तिला म्हटले की तुझे बरोबर होते, नोंद पुसता येता कामा नये. ती म्हणाली की बरोबर असूनही तिला चांगले वाटत नाही. आता घंटी बसवतो आहे. नर्सला न विचारता वाजेल. जगातल्या सगळ्या नर्सवर मी अविश्वास दाखवतो आहे आणि ते तुझ्यामुळे, हे मला सहन होत नाही.

एक सांगतो. तू लिहिलेस की यंत्राला खोटे सांगितले. त्याचे दुःख करू नकोस, त्याला अजून तरी काही वाटत नाही. उद्याच्या यंत्रांना वाटेल की नाही, तेव्हा त्यांना काय द्यायचे, यावर लोक भांडतील तेव्हा भांडतील. माझी लाज वेगळी आहे. माझ्या वस्तूवर आळ आला आणि मी, तिचा बनवणारा, सगळ्यात आधी तिच्यावर संशय घेतला. माझ्या बहिणीवर संशय घ्यायचे मला सुचलेच नाही. कारण ती माझी होती.

सुरगाण्याला जा. हे मी सांगायला नको.

पुंजा

---

नाशिक रोड,
८ मार्च १९९८

चि. पुंजारामास,

सुरगाण्याला जाऊन आले. एसटीने, मग जीपने, मग चालत. कुसाबाईचा नवरा गेणू अंगणात नागली पाखडत होता. मला ओळखले. मुलगी नऊ वर्षांची आहे, दाराआडून बघत होती. त्याने आधी पाणी दिले.

मी सगळे सांगितले. यंत्र, लाल ओळ, मी न ऐकणे, मागाहून पुसणे. ट्रस्टला लिहून दिले तसेच, एक शब्द कमी नाही, असे मला वाटत होते. ऐकताना त्याने सूप खाली ठेवले नाही.

मग म्हणाला की त्याला यंत्रातले काही समजत नाही. त्याने ते पाहिलेही नाही. तुम्ही त्या मशीनचं ऐकलं नाय ते ऐकलं नाय, पण मी पण तर सांगत होतो, असे म्हणाला. हिचे डोळे उघडत नाहीत, पाणी गिळत नाही, म्हणून तीन बारी तुमच्यापाशी आलो. मी तर माणूस होतो.

पुंजा, तेव्हा मला तो दिसला. हातात टोपी घेऊन काउंटरशी तीनदा आलेला. मी रजिस्टरमधून मान वर न करता तीनदा म्हटले, बस तिकडे. आबिदाचे बोलणे मला आठवत होते, पडद्याचा रंग आठवत होता, कोपऱ्यातली वेळसुद्धा तुझ्यामुळे पाठ झाली होती. तुला लिहिलेल्या कबुलीत तो नव्हता, ट्रस्टला दिलेल्या कागदातही नव्हता. मी त्याला लपवले नव्हते. मला तो आठवलाच नव्हता.

माफी मागायला गेले होते. मागता आली नाही. तो रागावला असता तर पाय धरले असते. तो पुन्हा पाखडायला लागला. मुलीने जीपची वाट दाखवली.

काल ट्रस्टला दुसरे पत्र दिले. नोकरी तर गेलीच आहे, आता आणखी काय करतील म्हणून दिले नाही. कुसाबाईच्या कागदात तिच्या नवऱ्याने तीनदा सांगितल्याची नोंद कुठेच नाही, ती व्हावी म्हणून दिले. त्याचे पूर्ण नाव लिहिले, गाव लिहिले. आबिदाने ते पत्र माझ्याकडून घेतले, वाचले, आणि केसपेपरला टाचले.

तुझ्या यंत्राचे तू बघ. घंटी बसव, कुलूप लाव, हक्क दे, तुला ठीक वाटेल ते कर. मला त्यावर बोलायचे तोंड नाही.

माझ्यावर माया ठेवायची की नाही, ते हे पत्र दोनदा वाचून ठरव.

तुझी,
प्रतिभाताई