गाडी वाडीवर थांबेल

लोणावळा,
३० नोव्हेंबर

प्रिय उमेश,

घरी सगळे बरे असाल. आबांचा खोकला कमी झाला का? आईसाठी शाल घेतली आहे, सोबत पाठवते.

फोन केला की तू "बोला, मॅडम" म्हणतोस आणि आईकडे देतोस. म्हणून पत्र. जीपवाला निलेश रविवारी इथून पवनानगरला येतो, त्याच्या हाती देते आहे. तो वाडीवर पोचवेल.

आधी शाळेच्या बातम्या. फ्रेंच घेणारी मुलं यंदा वाढली, आता मागच्या बाकावरही तिघं बसतात. नववीच्या मुलींनी पुण्याच्या फ्रेंच गाण्यांच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक आणला. मागच्या शनिवारी आम्ही शाळेत क्रेप केल्या. क्रेप म्हणजे आपलं धिरडंच, पण मैद्याचं आणि गोड. पहिल्या सगळ्या तव्याला चिकटल्या. आईची आठवण झाली. ती अजून म्हणते का, "रूपी फिरेंच बोलती म्हंजी पडसं झाल्यावानी बोलती"?

जानेवारीत फ्रान्समधल्या एका शाळेची मुलं आणि दोन शिक्षिका येणार आहेत. आमची मुलं त्यांच्यापुढे 'माझं घर' या विषयावर फ्रेंचमधून बोलतील. मग किल्ला, लेणी, चिक्कीचा कारखाना. शेवटच्या दिवशी पवनेच्या काठी, महिपती शेठच्या कॅम्पवर. तंबू, जेवण, आणि संध्याकाळी नाच.

नाच कोणाचा, ते तुला माहीत आहे.

गेल्या जानेवारीत आमची शिक्षकांची सहल तिथेच आली होती. तुझ्या तोंडाला चुन्याचे पट्टे होते, कमरेला प्लास्टिकची पानं. मुख्याध्यापिका बाई तुला विचारत होत्या, कुठून आलात. मी पुढे आले. तू म्हणालास, "मॅडम, जरा बाजूला व्हा, ढोल लागंल." आणि पाठ फिरवलीस. मला राग आला. तुझा. तो अजून गेलेला नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण परवा वर्गात एक गोष्ट घडली. ज्योत्स्ना नावाची मुलगी आहे. तिचे वडील तुंगार्लीला एका बंगल्याची राखण करतात. 'माझं घर' तिने सुंदर लिहिलं. पोहण्याचा तलाव, काचेचा जिना, दरीकडची गच्ची. एकही चूक नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "घर तेच आहे, मॅडम. आम्ही तिथेच राहतो. फक्त आत जात नाही."

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वही परत केली. शाळेत सगळ्यांना वाटतं, मी तळेगावची.

मी ठरवलं आहे. पाहुण्यांना मी आपल्या घरी आणणार. दिवसा. चुना नाही, पानं नाहीत, नाच नाही. सगळ्यांसमोर सांगणार की हे माझं घर. मुख्याध्यापिका बाईंना अजून बोलले नाही. आधी तुला विचारते.

रूपा


वाडी,
८ डिसेंबर

रूपा मॅडम यांस उमेशचा नमस्कार.

पत्र मिळालं. शाल मिळाली. आय ती पांगरून चुलीपाशी बसती. जाळून घेशील म्हनलं तर शिव्या देती.

तुमास्नी राग आला व्हय? तुमच्या बाई इचारत व्हत्या, कुटनं आलात. म्या काय सांगायचं? ह्या तुमच्या मॅडमच्या घरनं? तू चांगल्या साडीत, मी पानं गुंडाळून. म्हनलं, हिची नोकरी हाय, हिला कशाला वढा ह्यात. म्हनून मॅडम म्हनलं. पन तू बी हाक मारली न्हाईस. दोन पावलं आलीस आन् थांबलीस. पाठ मी मागनं फिरवली. नीट आठव.

महिपती शेट दर शनवारी बोलावतो. पाऊस सोडला तर घर त्याच्यावरच चालतंय. तुला नाच नको आसंल तर त्यो दुसऱ्या वाडीची पोरं आनंल. तुला फिरेंच येतं, मला ढोल येतो.

आबा कॅम्पवर एकदा बी आला न्हाई. भादव्यात नाचायचं, गौर उठली की ढोल माळ्यावर, आसं त्येचं. मला म्हनतो, "आता वाजवतोस त्ये कुनासाठी वाजवतोस?" मी म्हनलं, तुज्या खोकल्याच्या औषदासाठी. मंग दोन दिस औषद घेतलं न्हाई.

घर दाखवनार म्हनतीस. काय हाय घरात? कुडाच्या भिंती, एक ट्यूबलाईट, तुजा बक्षीस घेतानाचा फोटू. लोकं बगून जातील, आमी हितंच ऱ्हानार. इचार कर.

पत्र निलेशनं मोठ्यांदी वाचलं, म्हनून समद्यांनी ऐकलं. आय तवापासनं इचारतीया, गोऱ्या पोरान्ला तिखट चालतं का. मी काय बी सांगितलं न्हाई.

आपला,
उमेश ढोलवाला


लोणावळा,
१७ डिसेंबर

प्रिय उमेश,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पावलांचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी थांबले होते.

सोमवारी मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. कॅम्पवर ढोल वाजवणारा उमेश माझा सख्खा भाऊ आहे, असं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलला नाहीत." मी म्हटलं, "आता बोलते आहे." त्यानंतर त्यांनी एकच विचारलं, बस वरपर्यंत जाते का. मी जाते म्हणून सांगितलं. शेवटचा चढ तेवढा ती हळू चढेल.

शिक्षकांच्या खोलीत सुहास सर म्हणाले, "मग काय, नाच घरचाच झाला. फुकटात!" मी म्हटलं, "आमचा नाच भाद्रपदात असतो, सर. तेव्हा या. पण बसून पाहता येत नाही, नाचावं लागतं." ते हसले. मी हसले नाही.

कार्यक्रम बदलला आहे. कॅम्पवर फक्त तंबू. महिपती शेठनी शाळेला फोन केला, नाच नाही तर उम्याला पुढे बोलावणार नाही म्हणाले. हे तुझ्यावर येणार हे मला माहीत होतं आणि तरी मी केलं. तुझं शनिवारचं काम माझ्यामुळे गेलं तर मला शिव्या दे. मी त्यांना भेटायला जाणार आहे. ते ऐकतील असं मी म्हणत नाही.

ज्योत्स्नाने निबंध पुन्हा लिहिला. मी सांगितलं नव्हतं. वर्गाला फक्त एवढंच म्हणाले होते की सहल माझ्या घरी जाणार आहे, आणि घर कुडाचं आहे. आता तिच्या निबंधात जनरेटरशेजारची खोली आहे, आणि सकाळी तलावातली पानं काढणारे वडील. यावेळी चुका बऱ्याच आहेत. पाहुण्यांपुढे पहिली तीच बोलणार. वाडीवरही तीच सांगेल, भिंत कशी सारवतात, नाचणी कशी दळतात. कूड म्हणजे काय हे तिला फ्रेंचमध्ये सांगता येईना, तेव्हा आम्ही दोघींनी चित्र काढलं.

आईला सांग, तिखट कमी. नाचणीच्या भाकरी आणि धरणातले मासे पुरेत. आबांना सांग, ढोल माळ्यावरच राहील. मुलांना तो तिथेच दाखवू, आणि तो खाली कधी येतो ते आबा सांगतील. ते सांगतील ते मी फ्रेंचमध्ये सांगेन. त्यांनी हळू बोलावं.

तू नको म्हणालास तरी मी येणार आहे. घर माझंही आहे. तू मात्र कुठे असशील ते तूच ठरव.

अकरा जानेवारी, रविवार. गाडी वाडीच्या शाळेपाशी थांबेल. आधी मी उतरेन. मागे मुलं असतील, पाहुण्या शिक्षिका, मुख्याध्यापिका बाई, सुहास सरसुद्धा. तू गर्दीत मागे उभा असलास तरी मी थांबणार नाही. सगळ्यांच्या देखत तुला हाक मारीन. आधी मी.

त्यावर काय म्हणायचं, ते तुला मी सांगणार नाही.

तुझी,
आक्का